लुटूपुटीचे बाळ आणि आठवी-नववीच्या मुली

खाडीपलीकडे (धागाकर्ती)

नमस्कार. मी ऐरोली-दिघा भागातील एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. मागच्या पालकसभेत एका पालकांनी अतिशय कळकळीने एक सूचना मांडली. अल्पवयीन मुलींना दिवस जाण्याचे प्रकार टाळायचे असतील तर परदेशातील शाळांप्रमाणे आपणही मुलींच्या हाती रडणारी बाहुली द्यावी आणि दोन-तीन दिवस तिचे आईपण करायला लावावे, म्हणजे मूल वाढवणे ही भातुकली नाही हे त्यांना आपोआप कळेल, असे त्यांचे म्हणणे होते. ते ज्या कंपनीत आहेत तिच्या सामाजिक निधीतून बाहुल्यांचा खर्च मिळण्याचीही शक्यता आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी यावर टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे. दोन आठवडे वाचन केल्यावर माझे मत बरेचसे ठरले आहे. तरीही ठाणे-नवी मुंबईतील पालक, शिक्षक आणि आरोग्यक्षेत्रातील मंडळींचे अनुभव ऐकल्याशिवाय ते कागदावर उतरवू नये असे वाटते, म्हणून हा धागा.

आधी बाहुलीविषयी. अमेरिकेतील शाळांत पूर्वी मुलांना पिठाची पिशवी किंवा अंडे देत आणि ते बाळासारखे सांभाळायला सांगत. १९९३च्या सुमारास रिक जर्मेन यांनी त्याऐवजी बॅटरीवर चालणारी, रडणारी बाहुली तयार केली. आजच्या बाहुल्या वजनाने आणि आकाराने तान्ह्या बाळाएवढ्या असतात. त्या दिवसा-रात्री केव्हाही रडू लागतात. दूध हवे आहे, ढेकर काढायची आहे, लंगोट बदलायचा आहे की नुसते झुलवायचे आहे, हे विद्यार्थिनीने ओळखायचे असते. काळजी तिनेच घ्यावी, आईने किंवा आजीने परस्पर काम उरकू नये, यासाठी तिच्या मनगटावर पट्टा बांधलेला असतो. मानेला आधार दिला नाही, बाळ हिसडले किंवा बराच वेळ रडत ठेवले, तर त्याची नोंद आत होत राहते आणि सोमवारी बाईंच्या हातात सगळा अहवाल येतो. एकेका बाहुलीची किंमत कित्येक शे डॉलर असते.

कल्पना ऐकायला पटते, मलाही पटली होती. मात्र तिचा मोठ्या प्रमाणावर कस पाहिला गेला तो पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात. तेथील ५७ शाळांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी झाली. एका गटातील १३ ते १५ वर्षांच्या मुलींना आरोग्यशिक्षणाच्या तासांबरोबर शनिवार-रविवारसाठी बाहुली दिली गेली आणि दुसऱ्या गटाला नेहमीचाच अभ्यासक्रम मिळाला. २००३ ते २००६ या काळात सहभागी झालेल्या या २,८३४ मुलींच्या नोंदी त्या वीस वर्षांच्या होईपर्यंत रुग्णालये आणि गर्भपात केंद्रांतून तपासल्या गेल्या. सॅली ब्रिंकमन आणि सहकाऱ्यांचा तो अहवाल २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. बाहुली सांभाळलेल्या मुलींपैकी ८ टक्के मुली विसाव्या वर्षापर्यंत आई झाल्या होत्या, तर न सांभाळलेल्यांपैकी ४ टक्के. गर्भपाताचे प्रमाण अनुक्रमे ९ आणि ६ टक्के होते. ज्या उपायाने आकडा खाली यायला हवा होता, त्या उपायाच्या बाजूलाच आकडा वर गेला.

असे का झाले हे त्या आकड्यांतून सिद्ध होत नाही. परंतु मी तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या मुली रोज पाहते. त्यांच्यापैकी एखादीच्या हातात दोन दिवस एक गोजिरे बाळ आले, शेजारीपाजारी कौतुकाने पाहायला आले, सोमवारी बाईंनी पाठ थोपटली आणि बाळ परतही गेले, तर तिच्या मनात भीतीच उरेल असे मला खात्रीने म्हणता येत नाही. शिवाय त्या खेळात नऊ महिने नाहीत, बाळंतपण नाही, अर्धवट सुटलेली शाळा नाही आणि ते बाळ ज्याचे आहे तो मुलगाही नाही.

माझे मत मात्र केवळ त्या आकड्यांमुळे बदलले नाही. पालकसभेच्या दिवशीच मी शाळेच्या फाटकाशी आठवीतील एका मुलीला थांबवून प्रयोगवहीबद्दल विचारत होते. तिच्या कडेवर दहा-अकरा महिन्यांचा भाऊ होता, कारण आई कामावरून यायची होती. माझ्याशी बोलता बोलता तिने त्याला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतले, त्याच्या तोंडात गेलेली पिशवीची दोरी काढली, ओढणीच्या टोकाने लाळ पुसली आणि ‘बाई, आकृती उद्या नक्की आणते’ असे सांगितले. यांतले एकही काम तिने त्याच्याकडे पाहून केले नाही, इतके ते तिच्या अंगवळणी पडलेले होते. ही मुलगी गेले कित्येक महिने खरे बाळ सांभाळते आहे. तिला बाहुली नेमके काय शिकवणार आहे?

आपली मते आणि विशेषतः अनुभव कळवावेत ही विनंती.

---

मानपाडा

ताई, आपण कळकळीने लिहिले आहे, पण मला आपले म्हणणे पूर्णपणे मान्य नाही. आम्ही घोडबंदर रस्त्यावरील मोठ्या संकुलात राहतो. माझी मुलगी नववीत असून एकुलती एक आहे. तिने आजवर तान्हे बाळ हातात धरलेलेच नाही, कारण आमच्या नात्यातही तिच्यानंतर कोणी लहान नाही. तिच्या कल्पनेतील बाळ मोबाईलच्या पडद्यावरचे आहे, तेथे ते कायम हसते. दिघ्याच्या मुलीला जे रोज दिसते ते माझ्या मुलीला कधीच दिसत नाही. मग तिला हा अनुभव देण्यात गैर काय? ऑस्ट्रेलियातील शाळांतून निघालेला निष्कर्ष आपल्या मुलींना जसाच्या तसा लावणेही मला घाईचे वाटते. बाहुली बनवणाऱ्या कंपनीनेही तेथे राबवलेला कार्यक्रम आपल्या मूळ अभ्यासक्रमाप्रमाणे नव्हता असा आक्षेप घेतल्याचे माझ्या वाचनात आले आहे.

---

खाडीपलीकडे

मानपाडाताई, आक्षेप रास्त आहे आणि तो मी टिपणात नोंदवीन. निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये, हेही खरे. परंतु मग उपायही जसाच्या तसा आणू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते १९ वर्षे वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाचा आकडा ६.८ टक्के आहे. यांतील बहुतेक जणी विवाहित असतात. त्याच सर्वेक्षणात, २० ते २४ वर्षे वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले, त्यांचे महाराष्ट्रातील प्रमाण २१.९ टक्के आहे. म्हणजे आपल्याकडे पोरवयातील गरोदरपणाचा मोठा भाग लग्नाच्या मांडवातून येतो. मांडव घालणाऱ्यांच्या हातात बाहुली कोण देणार?

आपल्या मुलीबद्दल आपण जे लिहिले आहे, त्याचा मी वेगळा विचार करीन. तो मुद्दा मी सोडून दिलेला नाही.

---

सूतिका

मी महापालिकेच्या प्रसूतीगृहात परिचारिका होते आणि आता निवृत्त आहे. मी पाहिलेले लिहिते.

सतरा वर्षांची मुलगी आमच्याकडे येई ती बहुधा पाचवा महिना उलटल्यावर. आईबरोबर येई आणि आई सांगे की पोटात गाठ आहे, नाहीतर पोट फुगते. मुलीला पाळीची तारीख विचारली की ती आईच्या तोंडाकडे पाही. बाळ रडते, रात्री झोपू देत नाही हे तिला ठाऊक असे. महिना चुकला की काय समजायचे, हे मात्र कोणी सांगितलेले नसे, किंवा समजले तरी ते कोणाला सांगायचे हा प्रश्न असे. त्या विचारातच दोन महिने जात. सैल कपडे घालून आणखी दोन जात. केसपेपरवर वय ‘अठरा पूर्ण’ लिहायला लावायचे आणि आधार कार्ड मागितले की ते घरी राहिले म्हणायचे, हे इतक्या वेळा घडे की नोंदणीच्या खिडकीवरच आम्हाला अंदाज येई.

या वयात बाळंतपण जोखमीचे असते. रक्त कमी, रक्तदाब वाढून झटके येण्याची भीती अधिक, बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाची भीती अधिक आणि बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याची शक्यताही अधिक. त्यामुळे लवकर येणे हाच अर्धा उपचार असतो, आणि नेमके तेच होत नाही.

उशीर होण्याचे दुसरे कारण पोलिसांची भीती. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याप्रमाणे, म्हणजे २०१२ पासून, अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत संमती हा शब्दच लागू होत नाही आणि ज्याला कळले त्याने कळवणे बंधनकारक आहे. कायदा मुलीच्या रक्षणासाठी आहे आणि अनेक प्रकरणांत माणूस नात्यातला किंवा शेजारचा असतो, तेव्हा त्याची फार गरज असते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण पोलीस येणार म्हटल्यावर घरचे लोक मुलीला घेऊन दवाखान्याकडे पाठ फिरवतात आणि कुठल्या तरी गल्लीतल्या गोळ्यांवर विसंबतात, हेही मी पाहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितले की अल्पवयीन मुलगी आणि तिचे पालक यांनी विनंती केल्यास, गर्भपातासाठी आलेल्या मुलीचे नाव आणि ओळख डॉक्टरांनी पोलिसांना द्यायच्या माहितीत उघड करण्याची गरज नाही. हे किती पालकांना ठाऊक आहे? अल्पवयीन मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने मार्ग आहे. त्यापुढे बहुतेकींना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. बाहुलीच्या पैशांत ही माहिती किती घरांत पोहोचेल याचा हिशेब मांडावा.

---

वाशी_सेक्टर

मूळ हेतूबद्दल आदर आहे, पण आठवी-नववीच्या मुलांसमोर हे विषय उघडपणे आणल्याने नको ते कुतूहल वाढते असे मला वाटते. आमच्या वेळी हे काही शिकवले जात नव्हते आणि तरी सर्व ठीक होते. २००७ साली महाराष्ट्राने शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला होता, तेव्हा त्यामागे काही विचार असेलच.

---

अनामिका_७

वरील प्रतिसाद वाचून लिहायचे ठरवले. मी ही गोष्ट सहसा सांगत नाही.

‘आमच्या वेळी सर्व ठीक होते’ असे आपण म्हणता. माझे लग्न सतराव्या वर्षी झाले, दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या पुढच्याच वर्षी. तत्पूर्वी मोठ्या बहिणीची दोन्ही बाळंतपणे आमच्या घरी झाली होती आणि दोन्ही बाळांची अंघोळ, धुरी, दुपटी हे सगळे मी बाराव्या वर्षापासून केलेले होते. या धाग्यावर ज्या बाहुलीची चर्चा चालली आहे तिचा अहवाल माझ्या नावाने आला असता तर मला शंभरपैकी शंभर गुण मिळाले असते. सासरी पहिल्याच दिवाळीला सासूबाईंनी वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे असे सांगितले. त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही कोणी तसेच सांगितले असणार. मला ‘आत्ता नको’ असे म्हणता येते, हेच ठाऊक नव्हते. तांबी हा, दिवस जाऊ नयेत म्हणून बसवायच्या साधनाचा, शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो दुसऱ्या बाळंतपणानंतर, खाटेवर असताना, आणि तोही परिचारिका शेजारच्या बाईला समजावून सांगत होत्या म्हणून कानावर पडला.

मला बाळाचे सगळे येत होते. माझ्या स्वतःच्या शरीराचे काही येत नव्हते.

---

सूतिका

अनामिकाताई, आपण लिहिलेत हे फार मोलाचे आहे.

---

खाडीपलीकडे

अनामिकाताई, मन भरून आले. आपल्या शेवटच्या दोन्ही वाक्यांतले म्हणणे, आपली हरकत नसेल तर, नाव न देता मुख्याध्यापिकाबाईंना सांगेन.

वाशीकर, शिकवल्याने कुतूहल वाढते ही भीती मी अनेक पालकांकडून ऐकते आणि ती मुलांवरील मायेतूनच येते हे मला समजते. परंतु युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत जगभरातील अभ्यासांचा आढावा आहे आणि नीट शिकवलेल्या लैंगिक शिक्षणाने मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळतात असे त्यात आढळलेले नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र चालू केले आणि या कार्यापायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरीही गमावली. त्याला शंभर वर्षे उलटली. २००७ चा विरोध आपल्या परंपरेचा भाग असेल, तर कर्वेही तिचाच भाग आहेत.

---

नववी_ब

मी ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला शिकवतो. मुख्य मुद्दा अजून कोणी मांडला नाही म्हणून लिहितो: मुलगे कुठे आहेत? आमच्या शाळेत मुलींसाठी मासिक पाळीवर व्याख्यान असले की मुलग्यांना मैदानावर सोडतात. मुलग्यांना त्यातून एकच धडा मिळतो, की हा विषय आपला नाही.

मी दोन वर्षांपूर्वी बाहुलीशिवाय एक प्रयोग केला. मुलगे आणि मुली यांचे मिश्र गट केले आणि प्रत्येक गटाला एका काल्पनिक बाळाचा एक महिना वहीत मांडायला सांगितले. दूध, कपडे, डायपर, औषध यांचे दर प्रत्यक्ष दुकानात जाऊन विचारायचे, लसीकरणाचे वेळापत्रक आरोग्य केंद्रातून आणायचे आणि कोण रात्री उठणार, कोण कामावर जाणार, कोणाची शाळा सुटणार हे गटाने ठरवून लिहायचे. पहिल्या दिवशी खूप हसाहशी झाली. एका मुलाने लिहून आणले की लस महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, “सर, मोफत नाही. रांगेत सकाळ जाते, रोजंदारी बुडते.” त्याने हे घरी विचारले होते. ‘शाळा कोणाची सुटणार’ या रकान्यात बहुतेक गटांनी मुलीचे नाव लिहिले होते. मी फक्त ते मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग बराच वेळ शांत होता.

तास संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. वही उघडझाक करत राहिला आणि मग त्याने विचारले, “सर, मुलगी गप्प राहिली तर ते हो असते का?” मी त्याला सांगितले की गप्प राहणे हे हो नसते, आणि या वयात तर ‘हो’ म्हटलेलेही कायदा हो मानत नाही. त्या दिवशी मला खर्चाच्या रकान्यांपेक्षा हा प्रश्न मोलाचा वाटला. तो विचारायला त्याला दुसरी जागाच नव्हती.

---

मानपाडा

सर, हा प्रयोग मला आवडला. तरीही माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. आमच्या संकुलातील मुलांनी खरे बाळ पाहायला हवे. बाहुली नको असेल तर सुट्टीतील काही दुपारी, योग्य परवानगी घेऊन आणि सेविकाताईंच्या देखरेखीखाली, या मुलांना अंगणवाडीत नेता येईल का? मुलग्यांनाही. भीती घालण्यासाठी नव्हे, तर लहान मूल हे माणूस असते एवढे कळण्यासाठी.

---

खाडीपलीकडे

मानपाडाताई, हे मी टिपणात घेतले आहे, आपल्याच शब्दांत.

टिपण आज सकाळी दिले. बाहुल्या घेऊ नयेत असे लिहिले आहे आणि पर्थचे आकडे जोडले आहेत. त्याऐवजी त्या पालकांच्या कंपनीकडे शाळेसाठी आठवड्यातून दोन दिवस प्रशिक्षित समुपदेशक मागावा, अशी विनंती केली आहे. सरांचा वहीचा प्रयोग आठवीपासून मुलगे आणि मुली दोघांसाठी घ्यावा. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ नावाचे कक्ष असतात, तेथील डॉक्टरांना सत्राला शाळेत बोलवावे आणि मुलांनाही एकदा तेथे नेऊन आणावे, म्हणजे गरज पडली तर जागा ओळखीची असेल. बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांक फलकावर नुसता न लिहिता, तो कोणत्या प्रसंगी आणि कसा फिरवायचा हे वर्गात करून दाखवावे, कारण बालविवाहाची कुणकुण बहुतेक वेळा सर्वात आधी वर्गमैत्रिणींनाच लागते. पालकांसाठी वेगळी सभा ठेवून त्यात सूतिकाताईंनी लिहिलेल्या कायदेशीर बाबी सांगाव्यात.

मुख्याध्यापिकाबाईंनी टिपण दोनदा वाचले आणि एकच प्रश्न विचारला: “एखाद्या मुलीने समुपदेशकाला विश्वासाने सांगितले आणि ते कायद्याने पोलिसांना कळवावे लागले, तर ती मुलगी आपल्याला काय म्हणेल?” खोलीत आम्ही दोघीच होतो. मला पटकन उत्तर देता आले नाही. दुपारी मी टिपणात एक ओळ वाढवली. पहिल्या सत्राच्या सुरुवातीलाच, दुसरे काहीही सांगण्याआधी, समुपदेशकाने कोणती गोष्ट स्वतःपाशी ठेवता येते आणि कोणती ठेवता येत नाही हे मुलांना स्पष्ट सांगावे. शिवाय कळवावे लागलेच, तर त्या मुलीला एकटीला कोठेही पाठवले जाणार नाही, शाळेतील एक बाई शेवटपर्यंत तिच्याबरोबर राहील, हेही त्याच वेळी सांगावे. ‘ती बाई कोण?’ असे बाईंनी समासात पेन्सिलीने लिहिले होते. तेथे मी माझे नाव घातले आहे.

पुढील पालकसभा शनिवारी आहे. काय ठरते ते येथेच कळवीन.